तिसरी प्रत

लाव्हाच्या काळ्या खडकांतून जाणारा रस्ता संपला, नारळीची झाडं लागली, तरी फुआतिनोनं आपली टोपली काही मसेलिनाच्या हाती दिली नाही.

बंदराहून निघालेली बस मधेच बंद पडली होती. बाकीचे प्रवासी तिथंच गाणी म्हणत बसले. या दोघी मात्र सावाई बेटाच्या किनाऱ्यानं गावाकडे चालत निघाल्या. मसेलिना गावच्या पाद्रीची बायको. नवऱ्याला सभेसाठी बोटीवर बसवून परतत होती. फुआतिनो येत होती पलीकडच्या बेटावरच्या वाचनालयातून.

"द्या हो मावशी, थोडं अंतर मी धरते."

"राहू द्या पाद्रीणबाई. तुमच्या हातात बायबलच शोभतं. आत आहे काय? केवड्याची पानं आणि ती चिरायची सुरी."

मसेलिनाला ती सुरीच खुपत होती. वाचनालयात जाताना सुरी कशाला हवी?

फुआतिनोचा सगळा जन्म चटया विणण्यात गेला. गावातलं लग्न असो की मयत, तिची चटई अंथरल्याशिवाय पार पडत नसे. बायबलाखेरीज दुसरं पुस्तक तिनं कधी हातात धरलं नव्हतं. आणि आता काही महिने ही बाई एका पुस्तकामागे हात धुऊन लागली होती. फार पूर्वी एका मिशनऱ्यानं इथल्या घराण्यांच्या वंशावळी विचारून विचारून छापल्या होत्या, ते पुस्तक. फुआतिनोचा धाकटा भाऊ सेफो घराण्याचा प्रमुख व्हायचा होता. पण चुलतभाऊ तौमुआनं दावा ठोकला, की तुमची आजी या रक्ताची नव्हेच, बाहेरून आणून वाढवलेली. कोर्ट तोंडी शब्दापेक्षा छापील पानावर विसंबेल, असं सगळे म्हणत. सेफोचा मान त्या पानावर लटकला होता.

"मिळालं का पान?" मसेलिनानं विचारलं.

"पुस्तक मिळालं. पान पात्यानं कापलेलं. आधी पाद्र्यांच्या शाळेत गेले, तिथंही तसंच. नेमकं आमचंच पान." फुआतिनो थांबली. "काल तौमुआची बायको तुमच्याकडे केक घेऊन आली होती म्हणे?"

"पपईचा होता. का हो?"

"काही नाही. आमच्या घरी तिनं कधी पपईची बीसुद्धा आणली नाही."

"मावशी, केक खाल्ला म्हणून मी कुणाच्या बाजूची होत नाही."

"मी कुठं तसं म्हटलं? गोड झाला होता का, एवढंच विचारते."

मसेलिनाला हसूही आलं आणि रागही. त्या पुस्तकाची तिसरी प्रत पाद्रीच्या घरातल्या कपाटात होती, हे फुआतिनोला कळलंय, हे तिनं ओळखलं. नवरा बजावून गेला होता, त्या पुस्तकापाशी कुणालाही एकटं बसू द्यायचं नाही. आणि ही बाई सुरी घेऊन तिच्याच घराकडे चालली होती.

गावाच्या वेशीशी आल्या तोच संध्याकाळचा शंख वाजला. शंख झाला की रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही. दोघी नीरफणसाखाली बसल्या. घराघरांतून प्रार्थनेचे सूर येऊ लागले. मसेलिनानं डोळे मिटले. मग एक डोळा किलकिला करून टोपलीकडे पाहिलं. देवा, माफ कर, ती मनात म्हणाली, आणि पुन्हा पाहिलं. फुआतिनोचे ओठ हलत नव्हते. ती रडत होती.

"पान तौमुआनं नाही कापलं," ती हळूच म्हणाली.

"मग कुणी?"

"तिथल्या म्हाताऱ्या ग्रंथपालानं विचारलं, कुणाची मुलगी? नाव सांगितलं तर म्हणाला, तुमचे वडील फार वर्षांपूर्वी येऊन गेले होते. डाव्या हाताची दोन बोटं नव्हती, पुस्तक उघडायच्या आधी डोळे मिटून प्रार्थना केली. पाद्रीणबाई, माझा बाप चहा प्यायच्या आधीही प्रार्थना करायचा. तोच तो."

या बेटांवर वंशावळ ही घरातली वस्तू. ती परक्याच्या तोंडी जाऊ नये म्हणून जुनी माणसं काय काय करत, हे मसेलिनाला ठाऊक होतं.

"जपायलाच नेलं असेल हो त्यांनी."

"आईनं पुरताना त्यांच्या उशाशी एक पुडी ठेवली. मला वाटलं, आवडीची स्तोत्रं असतील. आता थडगं अंगणात आहे, पण उठवून कसं विचारू, बाबा, जपायला कापलं की लपवायला?"

मसेलिनाच्या मनात आलं, तौमुआ खरं बोलत असेल तर?

प्रार्थना संपल्याचा शेवटचा शंख झाला. फुआतिनोनं टोपलीत हात घातला आणि सुरी बाहेर काढली. मसेलिना झटकन मागे सरली.

फुआतिनोनं सुरी उलटी धरली, मूठ मसेलिनाकडे केली.

"तौमुआला आणि सेफोला निरोप धाडा. सगळ्यांसमोर तुमच्या कपाटातल्या पुस्तकातलं ते पान तुम्हीच उघडा, तुम्हीच मोठ्यानं वाचा. मला बापाचा भरवसा राहिला नाही, आणि मी त्याचीच मुलगी. ही तुमच्याकडे ठेवा पाद्रीणबाई, आणि वाचून होईपर्यंत मी कितीही मागितली तरी देऊ नका."