गोरखशेठचा ढगातला कॉम्प्युटर

माझ्या पोटचा हाय म्हणून सांगायची लाज वाटती, पन सांगते. आमचा गोरख पुण्याच्या कंपनीत नोकरीला, बसतो हितंच पिंपळवंडीत. समोरचा लॅपटॉप म्हणं नुसती काच; खरा कॉम्प्युटर वर ढगात. "आये, पासवर्ड टाकला की जगात कुठंबी माझं अख्खं हापिस उघडतं!" येणाऱ्या-जाणाऱ्या पावण्याला त्यो हेच सांगायचा. ऐकून ऐकून माझे कान किटले.

हापिस उघडायचा त्यो, काम करायची सून. समृद्धी. गिऱ्हाइकांच्या तक्रारी वाचायच्या, त्यांना उत्तरं द्यायची. दोन वर्सं भाकरी उरकून तीच करतीय. हा बाबा कॉलपुरता शर्ट घालायचा, खाली बर्मुडा. त्याच कंपनीत जागा निघाली तसा पोरीनं आपल्या नावानं अर्ज केला. सोमवारी मुलाखत व्हती. आपल्या नावाचा पासवर्ड मिळनार म्हणून तिनं देवापुढं साखर ठिवली व्हती.

त्याच्या आधल्या शुक्करवारी घाटात, म्हंजी गाडे पळवायच्या जागी, बैलगाड्यांच्या शर्यती. गोरख लॅपटॉप तिच्याकडं सरकवून पळाला. बरं, गपचिप बघावं की न्हाई? पन आमच्याकडं माइकवरनं नाव पुकारल्याबिगर मानसाला घाटात आल्यासारखं वाटत न्हाई. ह्यानं चिठ्ठी धाडली. पुकारनारा गर्जला, "पुण्याच्या नामांकित कंपनीचे इंजिनिअर गोरखशेठ, फेटा बांधून घ्यायला म्होरं यावं!" अन् ते समदं मोबाइलवर लाइव्ह चाललेलं. त्याचा साहेब मूळचा मंचरचा. शर्यती बघितल्याबिगर त्याला तरी कुठं जेवान जातंय!

दुपारी फोन आला. गोरख फेट्यासकट वसरीवर उभा, फोन स्पीकरवर. साहेब म्हनला, "तू घाटात होतास. मग तुझा पासवर्ड टाकून सकाळपासून चाळीस तक्रारी कोणी निकालात काढल्या?"

खरं सांगायला असा किती येळ लागतो? ह्यानं समृद्धीकडं पाठ केली अन् म्हनला, "साहेब, बायकोनं माझा पासवर्ड चोरला. मला ठावंच न्हाई."

 साहेब म्हनला, "तिची सोमवारची मुलाखत रद्द. आणि तुला ही शेवटची समज."

थू तुझ्या जिनगानीवर! तोंडावर म्हनले मी. त्यानं काय केलं? फेटा सोडला, नीट घडी घातली, कपाटात ठिवला. नोकरी वाचली ना त्याची! समृद्धीनं देवापुढली साखर उचलून डब्यात वतली.

सोमवारी नवा पासवर्ड टाकून गोरखशेठ बसले. तासाभरात आतनं हाक, "समृद्धी, ये गं जरा. हे कसं करायचं?"

ती अंगनात शेंगा फोडत व्हती. मान वर न करता म्हनली, "चोराला कशाला बोलावता?"

मी जाऊन तिच्या शेजारी शेंगा फोडाया बसले. त्यानं आनखी दोनदा हाक मारली. आमी दोघी उठलो न्हाई.