देवापुढं ठेवलेलं पाकीट

गेल्या वर्षी मी अकोल्याहून माहेरी, अंजनगावला गेले होते. आमच्याकडं संध्याकाळी बायकांचा हरिपाठ असतो. आईसकट सगळ्या माळकरी. अंड्याचा वास लागलेलं भांडंही त्या घरात घेत नाहीत.

त्या दिवशी भाच्यानं परदेशातून आणलेलं मऊ गोळ्यांचं पाकीट आईनं नैवेद्याला ठेवलं होतं. आरती झाल्यावर तिनं प्रत्येकीच्या हातावर एकेक गोळी ठेवली. मीही तोंडात टाकली आणि सहज पाकीट उचललं. आपल्याकडचा हिरवा ठिपका त्यावर कुठंच नव्हता. मागं मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत एक शब्द होता, जिलेटिन. जनावरांच्या हाडाकातड्यांतून काढतात ते.

मेल्यांना पाकीटभर फळांची चित्रं काढता येतात, एक ठिपका काढता येत नाही! गोळी जिभेवर विरघळत होती. प्रसाद थुंकायचा कसा? समोर शेजारची म्हातारी डोळे मिटून चघळत होती. हिला सांगितलं तर ही उद्यापासून अन्नाला शिवेल का? आणि देवाला तर सगळ्यांच्या आधी दाखवलेला.

"कावून तोंड दाबून बसली व? गिळ ना, प्रसाद हाय तो," आई म्हणाली.

मी गिळली.

तिनं उरलेलं पाकीट माझ्या हातात दिलं. "जाय, ज्या आल्या नाही त्याइले घरोघरी देऊन ये."