भरल्या गाडीचा मिस्त्री

कनेरगाव नाक्यावर रत्नपाल पाईकरावला कुणी नावानं हाक मारत नाही. 'भरल्या गाडीचा मिस्त्री' म्हणतात, अन ते बराबरच आहे. रिकामी पिकअप घेऊन त्याच्या दारात उभं राहावं, 'मिस्त्री, जरा ॲव्हरेज वाढवून द्या' म्हणावं, की हा गडी मान वर न करता विचारणार, "भरती कुठाय?" भरती म्हणजे माल. माल नसला तर चहा पाजील, इकडच्या तिकडच्या गप्पा मारील, पण पान्याला हात लावणार नाही. मग समोर सरपंच असो का सरपंचाचा मेहुणा.

लोक हसतात. हसू द्या. त्यामागचं कारण मात्र हसण्यासारखं नाही.

जुन्या पिकअपच्या इंजिनाला एक पंप असतो. किती डिझेल पाजायचं ते तो पंप ठरवतो, अन जास्तीत जास्त किती ते ठरवायला पंपाला एक बारीक स्क्रू असतो. तो थोडा मागं घेतला की डिझेल कमी जातं, धूर कमी होतो, लिटरमागं एखाद-दोन किलोमीटर वाढतात. मालक खूश. पण तेवढाच गाडीचा ओढायचा दम जातो, अन रिकाम्या गाडीत ते कळत नाही. कळतं ते पंधरा क्विंटल माल घेऊन चढाला लागल्यावर. "बैलाची वैरण कापली तर वैरण वाचणारच की," मिस्त्री म्हणायचा, "पर मंग नांगराला कोण जाईन, तू?"

म्हणून त्याची रीत अशी, की गाडी भरून आणायची. तो मालकाच्या शेजारी बसणार, गाडी चढावर घ्यायला लावणार, आरशातून मागचा धूर बघणार. चढावर पुसटसा धूर दिसला पाहिजे. अजिबात दिसला नाही तर इंजिन उपाशी आहे. मग उतरून स्क्रूला सुईएवढा फेर द्यायचा, पुन्हा चढ. कधी चार खेपा, कधी सात. नांदेडला बारा वर्षं पंप-नोझलच्या दुकानात काढली, इथं नाक्यावर तेवीस, पण कुणाची गाडी त्यानं रिकामी जुळवली नव्हती.

एका हंगामापुरतं सोडून.

झालं असं, की गेल्या वर्षी हिंगोलीत एक लॅपटॉपवाला आला. नव्या गाड्यांना आत कॉम्प्युटर असतो, तो वायर जोडून अर्ध्या तासात ॲव्हरेज वाढवून द्यायचा. दुकानावर हा मोठा बोर्ड, अन बोर्डावर आकडे. जुन्या गाड्यांशी त्याचा काही संबंध नव्हता, पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? चहाच्या टपरीवर जो तो त्याचंच नाव काढायचा. एक जण तर रत्नपालच्या तोंडावर बोलला, "मिस्त्री, तुमी सात खेपा मारून जे करता ना, ते तो बोटानं करून राहिला." रत्नपाल हसला. घरी आला अन दोन घास खाऊन उठला. त्याच्या बायकोला, निर्मलाबाईला, तेव्हाच कळलं की हे पोटात सललं.

माणूस वाईट नव्हता हो. पण तेवीस वर्षांचं नाव कुणी असं टपरीवर उष्टं करून टाकलं तर भल्याभल्याचं डोकं फिरतं.

त्याच आठवड्यात बालाजी आला. नाक्यापासून सात किलोमीटर आत, डोंगराच्या पोटात त्याचं गाव. बापाच्या माघारी आई, बायको अन तीन एकर हळद. अन एक जुनी पिकअप, तिच्यावर गावाचा माल वाहायचा. बाप रत्नपालचं जुनं गिऱ्हाईक, त्यामुळं पोरगा त्याला काका म्हणायचा. गाडी रिकामी होती.

"काका, हळद शिजवणं चालू हाये, भरती कुठून आणू? तशीच करा की."

अन रत्नपालनं तशीच केली. केली एवढंच नाही, त्याला आकडा पाहिजे होता. हिंगोलीतल्या बोर्डावरच्या आकड्याला टक्कर देणारा. त्यानं स्क्रू नेहमीपेक्षा पाव फेरा जास्त मागं घेतला. हात तिथं एकदा थांबला होता, हे त्याला अजून आठवतं. तरी घेतला.

बालाजीची गाडी लिटरला साडेअकरा द्यायची, ती चौदा द्यायला लागली. पोरानं गावोगाव डंका पिटला. पंधरा दिवसांत नाक्यावर पिकअपांची रांग, अन त्याही त्यानं रिकाम्याच जुळवल्या. टपरीवरचा तो बोलका माणूस सगळ्यांदेखत म्हणाला, "मिस्त्री, मानलं तुमाला!" रत्नपाल त्या रात्री पोटभर जेवला.

पाडवा झाला, हळद वाळली, पोती भरली, अन त्यानंतर पहिल्यांदाच गाडीत पुरी भरती आली. बालाजीच्या गावातून बाहेर पडायला एकच वाट, अन वाटेवर म्हसोबाचा चढ. तिथं भरलेली गाडी चढवायची तर एक माणूस दगड घेऊन मागं चालतो. गाडी अडली तर पटकन चाकामागं दगड लावायचा. पिढ्यान् पिढ्या असंच, आधी बैलगाडीमागं चालायचे, आता पिकअपमागं. त्या दिवशी गडी आला नव्हता. बालाजीची आई द्वारकाबाई म्हणाली, "चल रे, मी चालते. तुझ्या बापाच्या गाडीमागं काय कमी चालले?"

चढाच्या मध्यावर गाडीचा दम सुटला. दोन आचके देऊन इंजिन बंद पडलं, गाडी मागं सरकली. बालाजीनं ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला, पण तेवढ्यात गाडी हातभर आली होती. द्वारकाबाईनं दगड बराबर लावला. हात काढायला तिला उशीर झाला.

नांदेडला नेलं. उजव्या हाताची चार बोटं गेली, अंगठा तेवढा राहिला.

दुसऱ्या दिवशी ही खबर नाक्यावर आली तेव्हा रत्नपाल एका पिकअपखाली होता. सांगणारा सांगत होता, "चढावर दम सुटला म्हने गाडीचा." रत्नपाल खालीच पडून राहिला. त्याला त्याच क्षणी कळलं होतं. पाव फेरा. त्याच्याशिवाय ते कुणालाच कळणार नव्हतं. लोकांनी आपापला निवाडा करून टाकला: भरती जास्त झाली, पोराला गाडी हाणता येत नाही, हँडब्रेक ढिला असेल. कुणीतरी वाकून विचारलं, "काय मिस्त्री, हँडब्रेकच ना?"

"व्हय," रत्नपाल म्हणाला. "हँडब्रेकच असंन."

एवढे तीन शब्द बोलून तो मोकळा झाला. म्हणजे त्याला वाटलं की झाला.

दवाखान्यात भेटायला तो गेला नाही. उद्या जाऊ, आठ दिवसांनी जाऊ, घरी आल्यावर जाऊ. रांगेतल्या गाड्या मात्र त्यानं एकेक करून परत बोलावल्या, भरून आणायला लावल्या, पुन्हा जुळवल्या. लोक म्हणाले, मिस्त्री सटकला. निर्मलाबाईनं दोनदा विचारलं, "तुमाला झालंय तरी काय? लेकरांवर काहून खेकसून राहिले?" दोन्ही वेळा तो उठून गॅरेजवर गेला. विहारात पौर्णिमेच्या वंदनेला बसायचा, अन खोटं बोलणार नाही हे शील सगळ्यांच्या आवाजात म्हणायची वेळ आली की त्याचे ओठ मिटायचे. बाकीची चार शीलं तो म्हणायचा.

तीन महिने असे गेले. पेरण्या आटोपल्या अन एका सकाळी बालाजी गॅरेजवर आला. चालत आला, सात किलोमीटर. पोराचे गाल बसले होते.

"काका, गाडीला गिऱ्हाईक बघा. जे देतील त्याला देऊन टाकू."

"काहून रे?"

"मला न्हाई हाणता येत. हात लावला की चढावरची माय दिसते." तो खाली बघत होता. "सगळं गाव म्हनते तेच खरं हाये. भरती म्या जास्त केली. ब्रेक म्या उशिरा दाबला. माझ्या मायचा हात म्याच खाल्ला, काका."

रत्नपाल हातातला पाना फडक्यानं पुसत राहिला. "बघतो," एवढंच तो म्हणाला. पोरगं आलं तसं चालत गेलं. रत्नपालनं शटर ओढलं, घरी जाऊन निर्मलाबाईपुढं बसला अन तीन महिन्यांचं सगळं ओकला. ती बाई रडली नाही, ओरडलीही नाही. म्हणाली, "मला सांगून काय व्हते? जिला सांगायचं तिला सांगा."

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तेव्हा तो बालाजीच्या अंगणात उभा होता, हातात पान्यांची पिशवी. पाऊस आठ दिवस उघडला होता. गाडी गोठ्याशेजारी तशीच, टपावर कोंबड्या बसलेल्या. द्वारकाबाई ओसरीवर होती. उजवा हात पदराखाली.

"ये रत्नपाल. लई दिवसांनी वाट सापडली."

तो बसला नाही. उभ्यानंच बोलला. "माय, गाडी भरतीनं न्हाई थांबली. ब्रेकचाबी दोष न्हाई. म्या स्क्रू मागं घेतला होता. रिकामी गाडी जुळवली, आकड्यापायी. मला त्याच दिवशी कळलं होतं."

बालाजी दारात आला होता. त्यानं ऐकलं. अंगणात येऊन त्यानं रत्नपालची गचांडी धरली. "त्याच दिवशी? त्याच दिवशी कळलं होतं? अन काल? काल मी तुमच्याफुडं उभा होतो, काका!" त्याची बायको पुनम मधे पडली म्हणून, नाहीतर मारलंच असतं. रत्नपालनं हात वर केले नाहीत.

"मार बाबा," तो म्हणाला. "पर आधी पोती भर. गाडी जुळवून देतो, मंग मार."

हळदीची पोती घरातच पडून होती, बाजारात न्यायला कुणाची छाती झाली नव्हती. पुनमनं अन दोन शेजाऱ्यांनी भरली. बालाजी स्टेअरिंगला बसायला तयार नव्हता. द्वारकाबाई ओसरीवरून ओरडली, "बस म्हनते ना! झालं ते सपलं, बस!" तो बसला. म्हसोबाच्या चढावर रत्नपालनं पाच खेपा मारायला लावल्या. पाचव्या खेपेला आरशात पुसटसा धूर दिसला, तेव्हा तो खाली उतरला. गाडी पुन्हा चढाच्या पायथ्याला घेतली. कडेचा एक दगड त्यानं उचलला अन काही न बोलता मागं जाऊन उभा राहिला.

बालाजीनं आरशातून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग गाडी घातली. मागं रत्नपाल, दोन्ही हातांत दगड, चाकापासून हातभर. मध्यावर इंजिनाचा आवाज जड झाला, बसला नाही. गाडी चढून गेली अन वर न थांबता सरळ हिंगोलीच्या मोंढ्याच्या वाटेला लागली. बालाजीनं त्याला हाकही मारली नाही, मारावी तरी काहून?

पिशवी अंगणात राहिली होती म्हणून रत्नपाल परत आला. द्वारकाबाईनं विचारलं, "गेली?"

"गेली, माय. न अडता गेली. मला माफ कर."

 म्हातारी म्हणाली, "स्क्रू तुझ्या हातून चुकला, ते म्या सोडलं. हात हाये, चुकतो. माझाबी चुकलाच की, उशिरा काढला. पर तीन महिने माझं पोरगं ह्या ओसरीवर भिंतीकडं तोंड करून झोपलं. म्या हजारदा सांगितलं, तुझी चूक न्हाई, पर मायचं कोन खरं मानते? तुझ्या एका शबुदानं ते उठून बसलं असतं. तुला ठाऊक होतं अन तू आला न्हाईस. ते म्या कसं सोडू, तूच सांग."

रत्नपालनं पिशवी उचलली.

"बस," ती म्हणाली. "पुनम, दोन ताटं वाढ. सात कोस का असंना, सात किलोमीटर का असंना, माझ्या दारातून कुनाला उपाशी धाडलं न्हाई."

ताटं आली. दोघं समोरासमोर बसली. द्वारकाबाईनं डाव्या हातानं भाकरीचा तुकडा मोडायला घेतला. भाकरी ताटात फिरत राहिली, मोडेना. रत्नपालचा हात पुढं जायला उठला, अन अर्ध्यातूनच त्यानं तो मागं घेतला. ती तिची तीच मोडेपर्यंत तो घास हातात धरून बसून राहिला.