भाषेचा रकाना

तिच्या फॉर्ममध्ये ‘मराठी’ होतं. ते मी माझ्या हाताने ‘इंग्रजी’ केलं. घाईत, नजरचुकीने वगैरे नाही. काय करतोय ते मला नीट माहीत होतं.

तुमसरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी जीवशास्त्र शिकवतो. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेचे फॉर्म दरवर्षी आमच्याच संगणक कक्षात भरले जातात. चार वर्षांपूर्वी तीही तिथे बसली होती. वडील मागावर कोसा रेशीम विणणारे, दहावीपर्यंतची शाळा मराठी. अकरावी-बारावीची पुस्तकं इंग्रजी, पण ती वाचायची मराठीत; समासात पेन्सिलने अर्थ लिहून लिहून पानं काळी केलेली. हृदयाची आकृती तिच्याइतकी स्वच्छ मी काढत नाही.

“सर, मराठीच राहू द्या ना. इंग्रजीत लांब वाक्य आलं का मी अडकते.”

“अगं, डॉक्टर झाल्यावर गोळ्यांची चिठ्ठी काय आपल्या झाडीबोलीत लिहिशील?”

अख्खा वर्ग हसला. तीही हसली, कारण मी सर होतो. आणि मी रकाना बदलला.

मराठी निवडलं की प्रश्नपुस्तिका दोन्ही भाषांत मिळते, इंग्रजी निवडलं की फक्त इंग्रजीत. हे मला ठाऊक होतं. पण आमचे सगळे विद्यार्थी इंग्रजीतून परीक्षा देतात, असा फलक प्राचार्यांना फाटकावर हवा होता; तो पुढे लागलाही. शिवाय माझं स्वतःचं एक दुखणं होतं. मी लाखनीच्या मराठी शाळेतला. नागपूरला शिकायला गेलो तेव्हा ‘मला’ऐवजी ‘मले’ म्हणालो म्हणून वसतिगृहातली पोरं वर्षभर मला ‘मले’ याच नावाने हाक मारत. ती लाज मी तिच्या फॉर्मवरून पुसायला निघालो होतो.

तिची मेडिकलची जागा थोडक्यात हुकली. शेवटचे कित्येक प्रश्न वाचायचेच राहिले होते. परीक्षेनंतर बाहेर एका मुलीच्या हातात तिने दोन्ही भाषांतली पुस्तिका पाहिली, हे मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं. ती नर्सिंगला गेली.

सगळ्यांना एकच पेपर, मग अन्याय कसला, असं आमच्या स्टाफरूममध्ये अजूनही म्हणतात. मीही म्हणायचो. आता वाद घालतो. परीक्षा नको, असं माझं म्हणणं नाही. ओळखीपाळखीवर जागा वाटल्या तर मागावरच्या घरातल्या मुलीला कोणी दारातही उभं करणार नाही, एवढं मला कळतं. पण हृदय कसं चालतं हे पक्कं माहीत असलेली मुलगी जर वाक्य लांब म्हणून बाद होत असेल, तर आपण डॉक्टर निवडत नाही, भराभर इंग्रजी वाचणारे निवडतो. हे मी प्राचार्यांसमोर बोललो आहे आणि पुन्हा बोलेन. फक्त हे बोलताना माझी मान खाली असते. कारण परीक्षेने तिच्यासाठी मराठीची सोय ठेवली होती. ती काढून घेतली मी.

यंदा ती धाकट्या बहिणीला घेऊन फॉर्म भरायला आली. संगणकापाशी मी वाकलो तशी म्हणाली, “सर, हिच्या फॉर्मले तुम्ही हात नका लावू. मी बसून राहिली ना इथं.”

मी तिला व्हरांड्यात बोलावलं. “माझं चुकलं गं तेव्हा,” एवढंच हळू आवाजात म्हणालो.

“इथं काहून सांगता, सर? सारे हसले ते तर आतमंधी.”

आम्ही आत आलो तर प्राचार्य उभे. “काय सर, सगळ्यांचं इंग्रजी झालं ना?”

“नाही. दोन पुस्तिकांमधला फरक मी आधी सांगणार आहे. मग ज्याला जे हवं ते तो भरेल.”

“आणि फलक?”

“उतरवा.”

“जरा केबिनमध्ये या.”

“येतो. इथलं काम आटोपलं की.”

ते गेले नाहीत, दारातच थांबले. थांबू द्या म्हटलं. मी फळ्यापाशी गेलो. धाकटीचा हात माउसवर तसाच थांबलेला होता.

“पोरांनो,” मी म्हणालो, “चार वर्षांपूर्वी याच खोलीत हिनं मराठी मागितली होती. मी हिची टिंगल केली, वर्गाला हसवलं आणि हिच्या फॉर्मात इंग्रजी भरली. दोन्ही भाषा मिळतात हे माहीत असून हिला सांगितलं नाही. ही अभ्यासात कमी पडली नाही. हिची जागा माझ्यामुळे हुकली.”

मग तिच्याकडे वळलो. इतकी वर्षं वर्गात कधी तोंडातून येऊ न दिलेली बोली आपसूक आली.

“तुले डॉक्टर व्हायचं होतं, मी आडवा आलो. मले माफ कर, पोरी.”