यल्लव्वाचे चाळीस सेकंद

बेळगावजवळच्या पिरनवाडीत एका फरशीच्या दुकानावर दोन खोल्या होत्या. तिथं बसून पारमिता कांबळे निपाणीकडच्या एका उमेदवाराचा ऑनलाइन प्रचार चालवायची. कुठल्या गावात मोबाईलवर किती जाहिरात दाखवायची, व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप कुणाच्या हाती द्यायचे, रेकॉर्ड केलेला फोन कुठं मराठीत जायचा आणि कुठं कन्नडमध्ये, हे सगळं तीच ठरवायची. वय चौतीस, जन्म निपाणीचा. आई यल्लव्वा तंबाखूच्या वखारीत राबली. त्या कमाईवर पारमिता इंजिनिअर झाली आणि थोरला भाऊ भीमरत्न हायस्कुलात मास्तर झाला. पुण्यात सहा वर्षं काढून ती बेळगावला आली आणि खासबागेत खोली घेऊन राहिली. निपाणी दीड तासावर, तरी घरी जाणं महिन्यातून एखाद्या वेळीच व्हायचं.

उमेदवार आण्णाप्पा साठीचा, बोलका माणूस. पण कॅमेरा समोर आला की त्याची बोबडी वळायची. लिहून दिलेलं भाषण तो धडा वाचल्यासारखं वाचायचा आणि खाली कमेंटमध्ये लोक खिल्ली उडवायचे. पारमिताचा मालक नागोजी पूर्वी खानापुरात केबलचा धंदा करायचा. त्याच्या मते यावर मोठा स्टुडिओ आणि ड्रोन हाच इलाज होता. पारमितानं आधी जुने व्हिडिओ काढून बघितले. एकात आण्णाप्पा कुणाच्या तरी दुःखाच्या घरी गेलेला. जमिनीवर बसून त्यानं तिथल्या म्हातारीला इतकंच विचारलं, ती जेवली का. कुणीतरी सहज मोबाईलवर घेतलेला तो व्हिडिओ सगळ्या भाषणांपेक्षा जास्त लोकांनी बघितला होता.

तिनं सगळं बजेट नव्यानं मांडलं. स्टुडिओ काढला, ड्रोन काढले. तो पैसा घरोघरच्या भेटींच्या व्हिडिओंवर लावला आणि ज्या बूथांवर मतं हलती, कुठंही झुकतील अशी होती, तिथंच ते दाखवायचं ठरवलं. आराखड्यात तिनं लिहिलं : दुःखाच्या घरची भेट, चाळीस सेकंद, संगीत नको, उजेड दाराकडून. नागोजी कुरकुरला, पण तीन आठवड्यांत आकडे वर चढले तसा गप्प झाला. यल्लव्वानंही शेजारणीच्या फोनवर ते व्हिडिओ बघितले. फोनवर ती लेकीला म्हणाली, "ह्यो आण्णाप्पा तुमचाच व्हय? बरा बसतोय गं मानसांत."

मतदानाला अकरा दिवस राहिले होते. सकाळी दहाच्या सुमारास भीमरत्नचा फोन आला. आई चहा पिताना भिंतीला टेकली ती टेकलीच, एवढं सांगून तो थांबला. पारमिता "येते" म्हणाली. मग तिनं दिवसभराच्या तीन पोस्टच्या वेळा लावल्या, नागोजीला कळवलं आणि बस धरली. संकेश्वर गेलं तरी डोळ्यांत पाणी नव्हतं. शेजारच्या बाईनं शेंगा दिल्या, त्या तिनं खाल्ल्या.

घरी बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर मेणबत्त्या लावल्या होत्या. आईला पांढरी साडी नेसवली होती. वखारीतल्या जुन्या बाया भिंतीकडेला बसून होत्या. दोनच्या सुमाराला आण्णाप्पा आला. नागोजीनंच त्याला कळवलं असणार. हात जोडून "जयभीम" म्हणत तो खाली बसला. मग यल्लव्वाची वखारीतली जुनी जोडीदारीण राजाबाई हिच्याकडं वळून म्हणाला, "आक्का, सकाळपास्नं काय खाल्लंस का?"

त्याच्यासोबत कॅमेऱ्याचं काम करणारी दिपाली आली होती. पारमिताची रोजची सहकारी. ती उंबऱ्याबाहेर उभी होती. मोबाईल हातात होता, पण हात खाली. ती पारमिताकडं बघत राहिली. पारमितानं नुसती नकाराची मान हलवली असती तरी दिपाली तशीच परत गेली असती.

"घे," पारमिता म्हणाली. "दाराकडनं घे. उजेड बरा येईल."

भीमरत्ननं मान वर करून बहिणीकडं बघितलं आणि पुन्हा खाली घातली.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ गेला. त्यात पारमिता कुठं नव्हती. आई दोन सेकंद होती, कडेला. पूर्ण प्रचारात त्याच्याइतकं काहीच चाललं नाही. नागोजीनं आकडे पाठवले, ते तिनं वाचले आणि तक्त्यात भरले. जलदान विधी झाल्यावर भीमरत्ननं तिला मागच्या दारी बोलावलं. आवाज चढवला नाही. "आण्णाप्पाचं काय, त्याला मतं पायजेत. तू का म्हन्लीस, घे म्हणून?"

आपण सवयीनं म्हणालो, हे तिला ठाऊक होतं, पण ती दारातली भांडी उचलून आत निघून गेली. त्यानंतर भाऊ तिच्याशी बोलेनासा झाला.

आण्णाप्पा थोड्या मतांनी निवडून आला. नागोजीनं पेढे वाटले आणि तालुक्याच्या पुढच्या निवडणुकांचा आराखडा तिच्याकडंच दिला. ती रोज कामाला जायची, जेवायची, झोपायची. तिला आत काही लागत नव्हतं.

महिन्याभरानं जुन्या फायली पुसायला काढताना त्या दिवसाचं मूळ रेकॉर्डिंग निघालं. अकरा मिनिटांचं. आण्णाप्पा उठून गेल्यावरही दिपालीचा मोबाईल चालूच राहिला होता. राजाबाई बायकांना सांगत होती : वखारीत प्यायच्या पाण्याचा नळ नव्हता तेव्हा यल्लव्वा सहा महिन्यांची पोटुशी होती. तशीच ती दारात आडवी बसली. "मालक म्हन्ला, ऊठ. ह्यी म्हन्ली, नळ आला की उठतो. दोन दिस न्हाय उठली."

घरात ही गोष्ट कधी कुणी सांगितली नव्हती. पोटात कोण होतं, हे पारमितानं वर्षं मोजून काढलं. भीमरत्न. तिनं ते रेकॉर्डिंग त्याला पाठवलं, खाली काही लिहिलं नाही.

दुपारी त्याचा फोन आला.

"ऐकलं," तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "राजाबाईला अजून काय काय ठावं असंल?"

"विचारायला पायजे, दादा."

रविवारी ती निपाणीला गेली. दोघं राजाबाईच्या घरी जाऊन बसली. म्हातारी बोलत राहिली, मध्येच वखारीतल्या दुसऱ्याच बायांची नावं घेऊन भरकटत राहिली. भीमरत्न डोळे पुसत होता. पारमिताचे डोळे कोरडेच होते, पण तिनं फोन पिशवीतून काढला नाही.