खोट्या पुस्तकांमागचं देवघर

ओल्या प्लास्टरचा वास आला की कोथरूडचा तो बंगला आठवतो. मालकांना इंग्रज जमीनदाराच्या हवेलीतल्यासारखी लायब्ररी हवी होती. छताला प्लास्टरची वेलबुट्टी आणि खोट्या पुस्तकांच्या कपाटात लपवलेलं देवघराचं दार, हे सगळं मी आखलं होतं. वास्तुशांतीला मात्र आमच्या ऑफिसच्या सरांनी पाहुण्यांना सांगितलं, "हे डिझाइन माझं." मालकीणबाई नैवेद्याचं ताट घेऊन आल्या. "मग सायेब, दार कुठं हाय ते दावा की!" सर कपाट चाचपत राहिले. पाहुणे हसायला लागले. "अगं, सांग ना," सर माझ्या कानाशी पुटपुटले. एरवी माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. तेव्हा मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "डिझाइन तुमचं ना, सर?" शेवटी त्यांना कबूल करावं लागलं, "हिने केलंय." मग मी दार उघडलं. त्यांचा पडलेला चेहरा आठवून मला आजही छान झोप लागते.