दिनानाथ सांगे

नवसी मावशी माझी नात्याची कोणी नाही. सातपाटीत आमच्या भिंतीला तिची भिंत, एवढंच. पण तिच्यासाठी भांडायची वेळ आली की मी पदर खोचून तयार, कारण ती स्वतः कुणाला उलटून दोन शब्द बोलायची नाही. बाजारात पापलेटाला हात लावून निघून जाणाऱ्या गिऱ्हाइकालासुद्धा नाही.

तिचा बाप दिनानाथ हळदीची गाणी रचायचा. त्यातलं एक आमच्याकडे प्रत्येक मांडवात गातात. शेवटच्या ओळीत त्याने आपलं नाव गुंफलं होतं, 'दिनानाथ सांगे, हळद चढली गो'. पण आमच्या बायकांची रीत अशी, की ज्याचा मांडव, त्याच्या बापाचं नाव त्या ओळीत घालायचं. घरचे खूश होतात. दिनानाथ पासष्ट साली तापाने गेला आणि मग हळूहळू ओळीतूनही गेला.

बोईसरचा हरेश्वर कॅसेटी काढू लागला, तेव्हा मावशीच्याच ओट्यावर बसून तिच्या आईकडून त्याने ते गाणं उतरवून घेतलं. चहाही पिऊन गेला मेला. आणि कॅसेटवर छापलं काय, तर 'पारंपरिक'. मावशी त्याच्या दुकानात गेली. पैसे नकोत, बाबांचं नाव घाला, म्हणाली. तर हा म्हणतो, "दर लग्नात नाव बदलतं. गाणं कोणाचं ते कसं ठरवायचं?" पुढे सीडी आली, मोबाईल आला. मावशी दर वेळी गेली आणि तेच ऐकून आली. नाव लावलं की हक्काचे पैसे द्यावे लागतील, हे तिला कळत नव्हतं. मला कळत होतं. मी हरेश्वरला तोंडावर चोर म्हटलं. त्याने मला पाणी हवं का विचारलं.

हरेश्वर वारला. यंदा जानेवारीत त्याचा मुलगा निमेश पेढे घेऊन मावशीच्या दारात.

"मावशी, लिहिणारा गेल्यावर साठ वर्षांनी गाणं सगळ्यांचं होतं. तुमच्या बाबांचं गाणं आता मोकळं झालं. आता नाव लावायला कायच अडचण नाय. आणि गायचं तुमीच. आमचे बाबा नेहमी सांगायचे, गाणं दिनानाथचंच."

"नेहमी सांगायचा?" मावशीने विचारलं.

निमेश पुड्याची दोरी सोडू लागला.

म्हणजे हक्क होता तोवर गाण्याला बाप नव्हता, आणि हक्क संपल्याबरोबर बाप सापडला. माझं डोकंच फिरलं. मावशी मात्र चांगलं लुगडं नेसून बोईसरला निघाली. मी सोबत गेले.

गायली सुरेख. शेवटच्या ओळीशी आली आणि गायली, "हरेश्वर सांगे, हळद चढली गो."

निमेशने मशीन थांबवलं. "मावशी, दिनानाथ."

"मांडव तुझा हाय, निमेश. नाव तुझ्या बापाचंच येनार. आमच्यात असंच गातात." एवढं बोलून ती उठली.

मला वाटलं, बरी जिरली. कसली जिरते! गाणं मोकळं होतं ना, मावशीची गरजच काय? महिन्याभरात कुणा मुलीच्या आवाजात ते आलं. ओळीत दिनानाथ, खाली मोठ्या अक्षरात दिनानाथ. आता हळदीला बायका गातच नाहीत, तेच लावतात. गावात कुठे ना कुठे हळद असतेच. बापाचं नाव ऐकू आलं की मावशी उठते आणि खिडकी लावून घेते.